भंडारा जिल्हा आणि सेरेब्रल पाल्सी : उपचारांच्या वाटेचा इतिहास

बाळ पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत त्याच्या वाढत्या मेंदूला इजा झाली, आणि त्यामुळे हालचालीत व अंगाच्या ठेवणीत कायमचा दोष राहिला, की त्या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. इजा एकदाच होते, ती पुढे वाढत नाही. पण मूल वाढते, हाडे लांबतात आणि ताठलेले स्नायू त्यांच्या मागे पडतात. म्हणून दुखणे वाढत चालल्यासारखे दिसते. दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांत हा दोष आढळतो. मराठीत त्याला ‘मेंदूचा पक्षाघात’ म्हणतात, सरकारी कागदांत कधी ‘प्रमस्तिष्क घात’ असाही शब्द येतो. घरात मात्र यातला एकही शब्द चालत नाही. घरात दोनच वाक्ये ऐकू येतात: ‘जन्मल्यावर रडलंच नाही’ आणि ‘अजून मान धरली नाही’. दुसरे वाक्य लक्षण सांगते, पहिले कारण सांगते. लक्षण बहुधा अचूक असते. कारणाबद्दल वैद्यकात दीडशे वर्षे वाद झाला.

वयाप्रमाणे न चालणारे मूल भारतीय वैद्यकाला अनोळखी नव्हते. बालरोगांवरच्या काश्यपसंहितेत ‘फक्क’ नावाचा रोग सांगितला आहे. वर्षाचे होऊनही जे मूल आपल्या पायांनी चालत नाही ते फक्क. त्याचे क्षीरज, गर्भज आणि व्याधिज असे तीन प्रकार केले आहेत, म्हणजे दोष दुधातून, गर्भावस्थेतून किंवा एखाद्या आजारातून आलेला. कुपोषण, मुडदूस आणि मेंदूची इजा हे सगळे त्या एका नावाखाली येत असणार. आजचे निदान त्या शब्दात शोधणे बरोबर नाही. लक्षात घेण्याजोगा आहे तो उपचार. औषधी तुपाबरोबरच तिथे तीन चाकांचा रथ सांगितला आहे, मुलाने धरून चालण्याचा सराव करावा म्हणून. मराठी घरांत सुताराकडून करून घेतलेला तीन चाकांचा लाकडी गाडा पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्याचे नाव पांगुळगाडा. धडधाकट बाळालाही पहिली पावले टाकायला तोच दिला जातो. आपण पांगळ्याच्या नावाचे वाहन वापरतो आहोत हे कोणाच्या मनातही येत नाही. चालता न येणाऱ्या मुलाला हातात आधार देऊन चालवायचे, ही कल्पना भाषेत इतकी मुरलेली आहे.

कारणांच्या बाबतीत परंपरा एवढी मवाळ नव्हती. सूर्याचा सारथी अरुण मांड्यांशिवाय जन्मला, कारण त्याची आई विनता हिने धीर न धरता अंडे वेळेआधी फोडले, अशी महाभारताच्या आदिपर्वातली कथा आहे. वरचे अंग पूर्ण, खालचे अपुरे. त्या मुलाने जन्मताच आईला दासी होण्याचा शाप दिला. वेळेआधीचा जन्म, कमरेखालची दुर्बलता आणि दोष आईचा, हे तिन्ही धागे त्या कथेत एकत्र आहेत. पहाटे दारोदार धर्म मागत फिरणाऱ्या पांगुळ या लोकभिक्षुकाचे नाते या अरुणाशीच जोडतात. बाळंतिणीच्या घरात याला जोड सटवाईची. पाचवी-सहावीच्या रात्री ती येऊन बाळाच्या कपाळी काय ते लिहून जाते. पूजेत काही उणे राहिले तर तिचा कोप. अशा घरात मूल मान धरीना, की आधी चौकशी व्हायची ती आईने ग्रहणात काय केले, कोणाची नजर लागली, सुईण कोण होती, याची. भंडाऱ्याच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, हे चित्र उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळे नव्हते, आणि ते पुरते पुसले गेले आहे असेही नाही.

आधुनिक वैद्यकातला पहिला नोंदवलेला विचार जन्मवेळेकडेच बोट दाखवणारा होता. विल्यम जॉन लिटल हा लंडनचा शल्यवैद्य लहानपणीच्या आजाराने स्वतः एका पायाने अधू होता. १८३६ मध्ये जर्मनीत स्ट्रोमायर यांच्याकडून त्याने आपल्या पायाची शीर म्हणजे कंडरा कापून घेतली, पाय सुधारला आणि तीच विद्या तो इंग्लंडला घेऊन गेला. १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळापुढे त्याने निबंध वाचला. अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मताना श्वास कोंडणे यांमुळे मुलांचे हातपाय ताठ होतात, असे त्याचे म्हणणे होते. पुढे बराच काळ या अवस्थेला ‘लिटलचा रोग’ हेच नाव राहिले. १८९७ मध्ये याला आडवा प्रश्न विचारला तो सिग्मंड फ्रॉइडने. मनोविश्लेषणाने जगभर माहीत होण्याआधी तो मुलांच्या मेंदूविकारांचा अभ्यासक होता. त्याचे म्हणणे असे, की अवघड जन्म हे कारण नसून आधीच्या दोषाची खूण असू शकेल. गर्भात काही बिघडलेले असते म्हणूनच जन्म अडतो. वैद्यकाने त्याकडे जवळजवळ नव्वद वर्षे फारसे लक्ष दिले नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी हजारो जन्मांच्या नोंदी तपासून दाखवले, की जन्मताना श्वास कोंडण्याने झालेली सेरेब्रल पाल्सी एकूण संख्येचा लहान हिस्सा आहे. बरीचशी कारणे गर्भावस्थेतली असतात: संसर्ग, मेंदूच्या घडणीतले दोष, रक्तपुरवठ्यातले अडथळे, अपुरे दिवस. हा निष्कर्ष जिथे सगळी बाळंतपणे प्रशिक्षित हातांत होती अशा देशांतला होता. जिथे बाळ न रडणे ही गावातली नेहमीची घटना होती तिथे लिटलचे म्हणणे अधिक काळ खरे राहिले. भंडारा जिल्हा या दुसऱ्या जगातला होता.

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा हा धानाचा, तलावांचा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांताच्या म्हणजे पुढच्या मध्य प्रदेशाच्या कारभारात होता. त्यानंतर तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा होईपर्यंत तो भंडाऱ्याचाच भाग होता. मुंबईत अपंग मुलांसाठी पहिल्या संस्था उभ्या राहिल्या तेव्हा भंडारा त्या शहराच्या राज्यातच नव्हता. त्याचे मोठे दवाखाने साठेक किलोमीटरवरच्या नागपुरात होते, आणि बहुतेक गावांना तेही नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश मिशनने भंडारा गावात ठाणे उभारून दवाखाना, अनाथालय आणि शाळा चालवल्या. खेड्यात जन्म व्हायचा तो सुईणीच्या हाती. नाळ कापणे, बाळाला चोळणे, रडले नाही तर पाठ थोपटणे, कानाशी ताट वाजवणे, हे सगळे तिच्या अनुभवावर. अडलेली बाई बैलगाडीतून दवाखान्यापर्यंत पोचेतो किती वेळ जायचा याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तो मुलांच्या हातापायांत राहिला.

या भागात बाळंतपण सुरक्षित करण्याचे पहिले मोठे देशी काम नागपुरात सुरू झाले. कमलाताई होस्पेट या बालविधवा. परिचारिकेचे शिक्षण घेऊन त्यांनी वेणूताई नेने यांच्यासह १९२१ मध्ये मातृसेवा संघ काढला. परजातीच्या हातचे बाळंतपण नको, दवाखान्यात बाटू, या भीतीने घरातच राहणाऱ्या बायकांना मराठी बोलणाऱ्या, त्यांच्यासारखेच लुगडे नेसणाऱ्या बाईने चालवलेले प्रसूतिगृह मिळाले. संघाच्या शाखा विदर्भात पसरल्या आणि पुढे त्याच संघाने नागपुरात मतिमंद मुलांची शाळाही चालवली. प्रसूतिगृह आणि विशेष मुलांची शाळा एकाच संस्थेच्या छपराखाली यावीत यात योगायोग कमी आणि अनुभव जास्त असावा. जे बाळंतपणात वाचते पण पुरते वाचत नाही, ते मूल पुन्हा त्याच दाराशी येते.

अपंग मुलांच्या उपचारांचा मुंबईतला इतिहास पोलिओपासून सुरू होतो. मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अपंग मुलांसाठी उपचारकेंद्र काढले आणि त्यातून हाजी अलीचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. त्याच परिसरात १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आली. कॅलिपर, बूट, कुबड्या, शिरांची शस्त्रक्रिया ही सगळी यंत्रणा पोलिओच्या मुलासाठी आखलेली होती. त्या मुलाची बुद्धी शाबूत असते, पाय लुळा असतो आणि पट्टी बांधली की तो शाळेत जातो. सेरेब्रल पाल्सीचे मूल या साच्यात बसत नव्हते. जिल्ह्या-जिल्ह्यांत भरणाऱ्या अपंग शिबिरांतही रांग एकच असे, आणि त्या रांगेत ताठ पायाच्या मुलाच्या कागदावर ‘पोलिओ’ लिहून त्याला कॅलिपर देणे अवघड नव्हते. ताठ पायाला कॅलिपर बसत नाही, बोचतो. असा कॅलिपर घरी खुंटीला टांगला जातो.

दोहोंतला फरक ओळखायला यंत्र लागत नाही. मुलाला पाठीवर झोपवायचे, गुडघा सरळ ठेवायचा, टाच तळहातात धरायची आणि पाऊल हळूहळू नडगीकडे वाकवायचे. पोलिओच्या पायात पाऊल सैल येते, कापडी बाहुलीसारखे. स्नायूंत ताठरता असली तरी हळू वाकवले तर पाऊल बरेच वर येते. मग तीच क्रिया झटकन करायची. मधेच एका ठिकाणी पाऊल अडते, जणू कोणी आतून पकडले. क्षणभर थांबून पुन्हा सुटते. त्या अडण्यात मेंदूची इजा बोलते. आज्यांना ही खूण वेगळ्या वाटेने कळते. तेल लावताना बाळाचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, लंगोट बांधताना मांड्या उघडत नाहीत, मुठी अंगठा आत घेऊन वळलेल्या राहतात. ‘पोरगं फार ताठ आहे’ असे आजी सांगते तेव्हा बाळ तीन-चार महिन्यांचे असते. डॉक्टरकडून ‘थांबा, काही मुलं उशिरा चालतात’ असे उत्तर मिळाले तर त्यात वर्ष निघून जाते. २०१७ मध्ये आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की योग्य तपासण्या केल्यास सहा महिन्यांच्या आतही निदान जवळपास पक्के करता येते. निदानाच्या बाबतीत आजीची नजर बऱ्याच दवाखान्यांच्या पुढे होती, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

इजा मेंदूत कुठे झाली यावर अंगाची भाषा ठरते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग दुखावतो. पायांकडे जाणारे तंतू त्या पोकळ्यांना सर्वांत जवळचे, म्हणून दोन्ही पाय ताठतात, हात बरेच वाचतात. एका बाजूचा रक्तपुरवठा तुटला तर एक हात-एक पाय. पूर्ण दिवसांच्या बाळाचा श्वास जन्मताना दीर्घ काळ कोंडला तर चारही अवयव, आणि गिळणेसुद्धा. नवजात कावीळ फार वाढली तर मेंदूच्या तळाशी असलेले हालचालींचे केंद्र पिवळे पडून नासते, आणि मग मूल ताठ नसते; त्याचे हात-मान आपोआप वळत, पिळत राहतात, ऐकू येणे बिघडते, बुद्धी मात्र पुष्कळदा उत्तम असते. ही कावीळ टाळता येण्यासारखी आहे. १९५०च्या दशकात इंग्लंडच्या रॉचफोर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात नेत. उन्हात आलेल्या भागाचा पिवळेपणा कमी होतो हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यातून निळ्या प्रकाशाचा उपचार निघाला. आपल्याकडे बाळंतिणीची खोली अंधारी, दार-खिडकी लावलेली. कोवळे ऊन दाखवण्याची रीत होती, पण त्या खोलीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळाचा रंग कोण पाहणार? शिवाय जबर काविळीला कोवळे ऊन पुरत नाही.

पूर्व विदर्भात मेंदूच्या इजेच्या कारणांना आणखी एक पदर आहे. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलच्या वाहकांबद्दल लिहिले. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा सगळा पट्टा या रक्तदोषाचा आहे. सिकलसेल असलेल्या मुलाला लहान वयात मेंदूचा झटका येऊ शकतो आणि एक बाजू लुळी पडते. हे मूल दवाखान्यात येते तेव्हा ते सेरेब्रल पाल्सीचेच दिसते, पण त्याच्या रक्ताची तपासणी झाली नाही तर दुसरा झटका येण्याची शक्यता तशीच राहते. हिवतापाने किंवा मेंदूज्वराने मेंदू दुखावलेली मुलेही या जंगलपट्ट्यात येतात. म्हणून इथे ‘एक हात-एक पाय’ असलेल्या मुलाच्या बाबतीत पहिला प्रश्न जन्माचा आणि दुसरा रक्ताचा असायला हवा.

उपचार करणारे हात नागपुरात तयार होऊ लागले ते एका अमेरिकन बाईमुळे. एलिझाबेथ लंडी या क्वेकर घराण्यातल्या. विष्णुपंत निंबकरांशी लग्न करून त्या १९३० मध्ये भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. मुंबईत त्यांनी आधी मुलांची शाळा चालवली. वयाची चाळिशी उलटल्यावर त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि व्यवसायोपचार शिकून आल्या. हातापायांना व्यायाम देणे एवढ्यापुरते हे शास्त्र नसते. जेवणे, बटण लावणे, लिहिणे ही रोजची कामे मुलाला जमतील अशी मांडून देणे, हा त्याचा गाभा. १९५० मध्ये त्यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची भारतातली पहिली शाळा काढली. त्या दशकाच्या अखेरीस नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही त्यांच्याच पुढाकाराने अशी शाळा सुरू झाली. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात आला होता. नव्या राज्याकडून पूर्व विदर्भाला काय मिळाले याच्या याद्या राजकारणात पुष्कळ झाल्या. या शाळेचे नाव त्यांत सहसा येत नाही. पण भंडाऱ्याच्या आईला मेडिकलच्या बाह्यरुग्ण विभागात जे कोणी ‘त्याला मांडीवर असं नका धरू, असं धरा’ असे मराठीत सांगू शकले, ते या शाळेमुळे.

सेरेब्रल पाल्सी हा स्वतंत्र विषय म्हणून महाराष्ट्रात उभा राहिला तो १९७२ मध्ये. मिठू अलूर यांची मुलगी मालिनी हिला ही अवस्था होती आणि तिला घेणारी शाळा भारतात नव्हती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी त्यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. उपचार आणि शिक्षण एकाच छताखाली, हे तिचे वैशिष्ट्य. नर्गिस दत्त तिच्या पहिल्या आश्रयदात्या. पुढे कोलकाता, दिल्ली, बंगळूर, चेन्नई इथे तशाच संस्था झाल्या. मालिनी चिब यांनी लंडनमध्ये उच्च शिक्षण घेतले आणि एका बोटाने टंकलेखन करून आपले आत्मचरित्र लिहिले. ‘स्पॅस्टिक’ हा शब्द मात्र इंग्रजीत शिवीसारखा वापरला जाऊ लागल्यावर ब्रिटिश संस्थेने १९९४ मध्ये नाव बदलले आणि मुंबईच्या संस्थेनेही पुढे ‘अडॅप्ट’ हे नाव घेतले. मराठीतही पांगळा, अपंग, विकलांग, दिव्यांग अशी पाटी दर काही दशकांनी बदलत आली. या महानगरी संस्थांचा थेट फायदा झाडीपट्टीला फारसा झाला नाही. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरच्या मुलाला मुंबईची शाळा काय उपयोगाची? तिथून शिकून आलेली पद्धत उपयोगाची होती, आणि ती यायला वेळ लागला.

पूर्व विदर्भाने या विषयाला जे स्वतःचे दिले ते शेजारच्या गडचिरोलीत घडले. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ नंतर ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या गावच्याच स्त्रिया तयार केल्या आणि ४७ गावांशी त्यांची तुलना केली. न रडणाऱ्या बाळाचे तोंड साफ करून मुखवट्यातून श्वास देणे, बाळ उबदार ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, हे मोजक्या इयत्ता शिकलेल्या बाईला करता येते असे त्यांनी दाखवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. त्या अभ्यासाचे माप मृत्यू हे होते. पण श्वास कोंडलेल्या बाळाला पहिल्या काही मिनिटांत हवा मिळाली तर वाचणाऱ्या मेंदूंचाही हिशेब त्यातच आहे. २०११ मध्ये आशा या गावच्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम याच धर्तीवर सुरू झाला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाते, घरी जन्मलेल्याकडे सात वेळा. काविळीचा रंग पाहणारे कोणीतरी बाळंतिणीच्या खोलीत शिरले.

तोपर्यंत जन्माची जागाही बदलली होती. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणे झपाट्याने दवाखान्यात गेली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे ९५ टक्के जन्म संस्थांमध्ये झालेले दिसतात. जिल्हा रुग्णालयांत नवजात शिशूंसाठी विशेष अतिदक्षता कक्ष आले. दीड किलोचे बाळ जगू लागले. श्रीमंत देशांत १९७०-८०च्या दशकांत जे दिसले होते ते इथेही दिसणे स्वाभाविक होते: आधी जी मुले दगावत ती आता जगतात, आणि त्यांतली काही ताठ पायांनी घरी जातात. त्यामुळे अतिदक्षता कक्षातून सुटी झालेल्या प्रत्येक बाळाचा पाठपुरावा हा त्या कक्षाइतकाच महत्त्वाचा. भंडाऱ्याचे नाव या संदर्भात देशभर पोचले ते मात्र वेगळ्या कारणाने. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या याच कक्षाला आग लागली. आत सतरा बाळे होती. सात वाचवता आली, दहा दगावली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले.

पाठपुराव्याची यंत्रणा कागदावर २०१३ मध्ये आली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाला. फिरत्या पथकाने अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासायची. जन्मदोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर या चार गटांत तीस अवस्था पाहायच्या. ज्याला पुढची गरज आहे त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे, जिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा उपचारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक एकत्र असावेत अशी योजना आहे. आराखडा चांगला आहे. अडचण अंतराची आहे. लाखांदूर-पवनीच्या आतल्या गावाहून भंडाऱ्याला आठवड्यातून दोनदा यायचे म्हणजे एका मोठ्या माणसाची दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि सहा वर्षांचे ताठ मूल कडेवर घेऊन एस.टी. बदलावी लागते. धानाची रोवणी सुरू झाली की बांधीत हात कमी पडतात. तेव्हा उपचाराची तारीख कोण पाळणार? कोणत्याही उपचारपद्धतीचा निकाल धानाच्या जिल्ह्यात या एका प्रश्नावर लागतो.

उपचारपद्धतीही दरम्यान बदलल्या. १९५०च्या दशकापासून लंडनच्या बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याची पद्धत जगभर शिकवली गेली: उपचारकाने आपल्या हातांनी मुलाचे अंग योग्य स्थितीत धरायचे, चुकीची हालचाल दाबायची, बरोबर हालचाल घडवायची. तिचा गुण असा, की मुलाला कसे उचलावे, बसवावे, भरवावे हे तिने आयांना शिकवले. तिची मर्यादा पुढच्या अभ्यासांत दिसली. दुसऱ्याने हलवलेल्या अंगाने मेंदू फारसा शिकत नाही. मुलाने स्वतः, स्वतःला हव्या असलेल्या कामासाठी, पुन्हा पुन्हा केलेल्या प्रयत्नाने शिकतो. वाटी ओढायची आहे, तर वाटीच ओढायला द्यावी. एका बाजूचा दोष असेल तर चांगला हात काही तास बांधून ठेवून दुबळ्या हाताला कामाला लावतात. मुलाच्या क्षमतेचे मोजमापही बदलले. १९९७ मध्ये रॉबर्ट पॅलिसानो आणि सहकाऱ्यांनी पाच पायऱ्या मांडल्या: पहिल्या पायरीवरचे मूल धावते, पाचव्या पायरीवरच्याला मानेलाही आधार लागतो. या पायरीवरून पुढे काय जमेल याचा अंदाज दोन-तीन वर्षांच्या वयातच बांधता येतो. ‘चालेल का?’ या प्रश्नाला त्यामुळे आशा किंवा धमकी न देता उत्तर देता येते.

या बदलाने एक गोष्ट घडली: उपचाराची जागा दवाखान्यातून घराकडे सरकली. तज्ज्ञाने महिन्यातून एकदा पाहून योजना करावी आणि रोजचे काम घरात व्हावे. खेड्यातल्या घरात त्यासाठी लागणाऱ्या वस्तू बहुधा असतातच. दोन भिंतींच्या कोपऱ्यात मूल बसवले की पाठीला आधार मिळतो, खांदे पुढे येतात, हात समोर मोकळे राहतात. मांड्यांच्या मधे घट्ट गुंडाळलेली गोधडीची वळकटी ठेवली की पायांची कात्री उघडते. समोर सुताराकडून पोटापुरती खाच पाडून घेतलेली फळी, चार विटांवर. ताट त्या फळीवर. भरवताना मूल आडवे नको, मान मागे नको. हनुवटी किंचित छातीकडे. भात पातळ करून ओतण्याऐवजी मऊ, घट्टसर, चमचा जिभेच्या मधोमध दाबून. पाचव्या पायरीवरची मुले पुष्कळदा जातात ती मेंदूच्या इजेने नव्हे, अन्न श्वासनलिकेत गेल्याने होणाऱ्या निमोनियाने आणि भुकेने. भरवायची रीत बदलली की दोन्ही टळू शकतात. पण व्यायामाला जितके महत्त्व मिळते तितके या घासाला मिळत नाही.

औषधे आणि शस्त्रक्रिया नागपूरच्याच वाट्याच्या राहिल्या. ताठरता कमी करणाऱ्या गोळ्या, १९९०च्या दशकापासून रूढ झालेली बोटुलिनम विषाची स्नायूंतली इंजेक्शने, आखडलेल्या शिरा लांबवणे, सरकणारे खुबे वेळीच पकडण्यासाठी ठराविक अंतराने क्ष-किरण. इंजेक्शनचा परिणाम तीन-चार महिने टिकतो. त्या काळात व्यायाम झाले तर लाभ, नाही तर खर्च वाया. यांच्या जोडीला मूलपेशींच्या महागड्या उपचारांच्या जाहिरातीही आल्या. त्यांना सेरेब्रल पाल्सीत प्रमाणित उपचाराचा दर्जा नाही. त्यासाठी शेत विकण्याआधी हे माहीत असणे बरे.

कायद्यात हा दोष हळूहळू स्वतःच्या नावाने आला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात तो चलनवलनाच्या अपंगत्वात मोडत होता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठी वेगळी सोय केली; त्याच न्यासाची ‘निरामय’ योजना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा देते. २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षणहक्क कायद्यात यांतल्या बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचाही हक्क मिळाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले. प्रमाणपत्र मात्र अजून टक्क्यांत मिळते, आणि चाळीस टक्क्यांची रेघ ओलांडल्याशिवाय बहुतेक सवलती नाहीत. पाच पायऱ्या जे सांगतात ते टक्क्यांतून कळत नाही. हात-पाय चांगले पण बोलता न येणारा मुलगा आणि चालता न येणारा पण बोलका मुलगा हे दोघे एकाच आकड्यावर येऊ शकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये भंडाऱ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यामुळे नागपूरची काही कामे जिल्ह्यात होण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो. सेरेब्रल पाल्सी असलेली बहुतेक माणसे त्यानंतर अनेक दशके जगतात. तिशीत सांधे दुखू लागतात, चालणाऱ्यांचे चालणे कमी होते, उचलणाऱ्या आईची कंबर गेलेली असते. या वयासाठी जिल्हा पातळीवर वेगळा विभाग नाही. बालरोगतज्ज्ञ पाहत नाही आणि मोठ्यांच्या डॉक्टरला हा आजार मुलांचा वाटतो. ज्याला स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नाहीत अशा सज्ञान व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करायचा असतो. समितीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. ज्याचे अंग ताठ आहे पण बुद्धी शाबूत आहे त्याला अशा पालकाची गरज नसते. अर्ज मात्र त्याच्याही नावाने होऊ शकतो, म्हणून आधी त्याला काय हवे ते विचारणे हे समितीचे काम ठरते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते आणि पुढे दर आर्थिक वर्षानंतर तीन महिन्यांत हिशेब.